पाच मिलिलिटर रक्त आणि अठरा वर्षांचा माग

पुणतांब्यासारख्या गावात सुनेला दिवस गेल्याची कुणकुण लागली की आशाताई दारात येते. नाव नोंदवते, माता आणि बाल संरक्षण कार्ड भरते आणि एक दिवस ठरवून आरोग्य केंद्रात घेऊन जाते. तिथे सिस्टर दंडाला पट्टा बांधून शीर शोधते आणि रक्त दोन-तीन नळ्यांत भरते. संध्याकाळी सासू विचारते, "काय निघालं?" उत्तर ठरलेलं असतं: "रक्त कमी आहे म्हणाल्या, गोळ्या दिल्यात." हे रक्त कमी असणं म्हणजे हिमोग्लोबिन ११ च्या खाली असणं. इतकं कळलं तरी ते मोलाचंच आहे. पण त्याच नळीत बाळाच्या पुढच्या तब्येतीबद्दल आणखी बरंच काही असतं आणि ते वाचण्याचं एक मोठं काम पुणतांब्यापासून दोनशेएक किलोमीटरवर, पुण्याजवळच्या खेड्यांत, गेली तीस वर्षं चाललेलं आहे.

आधी नळ्यांकडे पाहू. त्यांची टोपणं वेगवेगळ्या रंगांची असतात, ती उगाच नव्हे. जांभळ्या टोपणाच्या नळीत रक्त गोठू न देणारं रसायन असतं; हिमोग्लोबिन आणि पेशींची मोजदाद त्यातून होते. लाल किंवा पिवळ्या टोपणाच्या नळीत रक्त गोठू देतात आणि वर सुटणारं पिवळसर पाणी, म्हणजे सीरम, काढून घेतात. करड्या टोपणाची नळी साखरेसाठी. तिच्यात सोडियम फ्लोराइड असतं, कारण शरीरातून बाहेर आलं तरी रक्त जिवंत असतं. तांबड्या पेशी नळीतही साखर खात राहतात आणि साध्या नळीत दर तासाला साखरेचा आकडा साधारण ५ ते ७ टक्के घसरतो. मे महिन्याच्या उन्हात तर जास्तच. फ्लोराइडलासुद्धा पेशींचं हे खाणं पुरतं थांबवायला तास-दोन तास लागतात. म्हणून सकाळी नऊला घेतलेली नळी दुपारी तीनपर्यंत खिडकीत पडून राहिली आणि मग तालुक्याला गेली, तर रिपोर्टवर छापून येणारी साखर बाईच्या अंगातल्या साखरेपेक्षा कमीच दिसणार. मोठमोठ्या यंत्रांच्या गोष्टी ऐकताना ही खिडकी विसरू नये.

आता 'मेटाबोलिक प्रोफाइल' म्हणजे काय ते पाहू. पुणतांब्याच्या लोकांना हे दुधावरून चटकन समजेल. डेअरीवर आलेल्या दोन कॅनमधलं दूध डोळ्यांना सारखंच दिसतं, पण एकाला ३.५ फॅट आणि ८.५ एसएनएफ लागतो, दुसऱ्याला कमी, आणि त्यावर भाव ठरतो. वाटीभर दूध यंत्राखाली धरलं की गाईनं काय खाल्लं, ती विऊन किती दिवस झाले, तिची तब्येत कशी आहे याचा थोडाफार अंदाज जाणकाराला येतो. आईच्या रक्ताचंही तसंच आहे, फक्त मोजायचे पदार्थ दोन नसून शेकडो असतात: साखर, स्निग्धाम्लं, अमिनो आम्लं, जीवनसत्त्वं आणि शरीरातल्या घडामोडींतून मागे उरणारे लहान लहान रेणू. हे रेणू म्हणजे चयापचयाच्या वाटेतले मुक्काम. एखादा रस्ता तुंबला की त्याच्या अलीकडचा रेणू साचतो, पलीकडचा आटतो. साचलेलं काय आणि आटलेलं काय हे पाहून कुठे तुंबलंय ते ओळखायचं, हीच या तपासणीची सगळी रीत.

हे मोजायला मास स्पेक्ट्रोमीटर नावाचं यंत्र लागतं. रक्तातल्या पेशी फिरवून खाली बसवतात, वरच्या प्लाझ्मातली प्रथिनं अल्कोहोलसारख्या द्रवानं साकळून काढून टाकतात, उरलेला निवळ द्रव एका बारीक नळीतून सोडतात. तिच्यातल्या भरावाला काही रेणू जास्त चिकटतात, काही कमी, त्यामुळे ते एकामागून एक बाहेर पडतात. मग त्यांच्यावर विद्युतभार चढवून त्यांचं वजन केलं जातं. नुसतं वजन पुरत नाही, हे एका उदाहरणावरून दिसेल. मिथिलमलोनिक आम्ल आणि सक्सिनिक आम्ल या दोघांच्या रेणूचं वजन नेमकं सारखं, ११८. पहिलं वाढलं तर बी-१२ जीवनसत्त्वाची कमतरता. दुसरं प्रत्येकाच्या पेशीत रोजच तयार होणारं. आधी दोघांना वेगळं केलं नाही, तर यंत्र धडधाकट बाईलाही आजारी ठरवेल.

हे सगळं करून बाळाबद्दल काही कळतं का? याचं उत्तर मिळवायचं तर आईचं रक्त आज घ्यावं लागतं आणि मूल मोठं होईपर्यंत थांबावं लागतं. पुण्याच्या केईएम रुग्णालयातल्या डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हे थांबणं पत्करलं. १९९३ मध्ये पुण्याजवळच्या सहा गावांत 'पुणे मॅटर्नल न्यूट्रिशन स्टडी' सुरू झाला. इंग्लंडमधल्या साउदॅम्प्टनच्या संशोधकांची त्याला साथ होती. जन्मावेळचं कमी वजन आणि उतारवयातला हृदयविकार यांचा संबंध मांडणारे डेव्हिड बार्कर तिथलेच.

या कामाची खरी बाजू प्रयोगशाळेत नव्हती. गावातल्या कार्यकर्त्या लग्न झालेल्या बायकांच्या घरी दर महिन्याला जाऊन पाळीची तारीख टिपत. पाळी चुकली की पंधरा ते अठरा आठवड्यांच्या सुमारास सोनोग्राफी, आणि अठराव्या व अठ्ठाविसाव्या आठवड्यात बाईचं वजन, तिचं खाणं, तिचे कष्ट आणि तिचं रक्त. बाळ जन्मलं की ७२ तासांच्या आत त्याचं वजन, डोक्याचा घेर, पाठीवरच्या कातडीखालची चरबी मोजायची. आपल्याकडे पहिलं बाळंतपण माहेरी. तेव्हा कोणाचं माहेर कुठे आहे, याचा हिशेब या बायांना ठेवावा लागला असणार. मला या अभ्यासातलं सर्वांत अवघड यंत्र विचाराल तर ते हेच.

सुमारे आठशे गरोदर बायका त्यात आल्या. गरोदर राहण्यापूर्वी त्यांचं सरासरी वजन होतं ४१.७ किलो, उंची १.५२ मीटर. दिवस भरून जन्मलेल्या बाळांचं सरासरी वजन २,६६५ ग्रॅम. यात नवल काहीच नव्हतं. किडकिडीत आई, लहान बाळ. नवल पुढे होतं. बायका किती उष्मांक आणि किती प्रथिनं खातात, याचा बाळाच्या आकारमानाशी जवळपास संबंध दिसला नाही. संबंध दिसला तो पालेभाजी, फळं आणि दूध यांच्याशी. पोट किती भरलं यापेक्षा ताटात काय होतं, ते महत्त्वाचं ठरलं.

दुसरं नवल बाळांच्या अंगात होतं. साउदॅम्प्टनच्या बाळांशी तुलना केली तर आपली बाळं वजनाला जवळजवळ ८०० ग्रॅमनी कमी. हातपाय बारीक, पोटातले अवयव लहान, स्नायू कमी. पण पाठीवरच्या कातडीखालची चरबी मात्र फारशी घटलेली नव्हती. म्हणजे दिसायला काटक आणि आतून चरबीदार. या बांध्याला संशोधकांनी नाव दिलं 'थिन-फॅट बेबी'. मोठेपणी हेच चित्र कसं दिसतं, ते याज्ञिकांनी स्वतःवरच दाखवलं. २००४ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये त्यांनी आणि जॉन युडकिन या ब्रिटिश सहकाऱ्यानं आपला एक फोटो छापला. दोघांचा बीएमआय अगदी एकच, २२.३. युडकिनच्या अंगात चरबी ९.१ टक्के, याज्ञिकांच्या अंगात २१.२. उंचीच्या मानानं सारख्याच वजनाचे दोन डॉक्टर आतून किती वेगळे, हे सांगायला आणखी शब्दांची गरजच उरली नाही.

आता रक्ताकडे परत. साठवून ठेवलेल्या नमुन्यांत बी-१२ आणि फोलेट ही जीवनसत्त्वं मोजली, तेव्हा दोनतृतीयांश आयांमध्ये बी-१२ कमी निघालं. पण बी-१२ च्या नुसत्या आकड्यावर विसंबता येत नाही, कारण गरोदरपणात रक्तातलं पाणी चाळीस-पन्नास टक्क्यांनी वाढतं आणि सगळेच आकडे पातळ होतात. (हिमोग्लोबिनही थोडं यामुळेच उतरतं, म्हणून गरोदरपणातला कोणताही आकडा कितव्या आठवड्यातला हे विचारल्याशिवाय वाचू नये.) म्हणून वर सांगितलेलं मिथिलमलोनिक आम्ल मोजलं. ते नव्वद टक्क्यांहून जास्त आयांमध्ये वाढलेलं होतं. पेशींच्या आत खरोखरच बी-१२ ची ओढाताण चालू होती. फोलेट कमी निघालं ते मात्र एकाच बाईचं. पालेभाजी आणि डाळी खाणाऱ्या, वर सरकारी गोळ्या घेणाऱ्या बायकांत ते पुरेसंच असणार.

मुलं सहा वर्षांची झाल्यावर त्यांचं रक्त तपासलं. २००८ मध्ये प्रसिद्ध झालेला निष्कर्ष असा: ज्या आयांमध्ये अठ्ठाविसाव्या आठवड्यात फोलेट जास्त होतं, त्यांच्या मुलांत चरबी जास्त होती आणि त्यांचं शरीर इन्सुलिनला कमी दाद देत होतं. सर्वांत वाईट जोडी होती आईचं बी-१२ कमी आणि फोलेट जास्त असण्याची. इन्सुलिनला दाद न देणं ही मधुमेहाकडे जाणाऱ्या वाटेवरची पहिली पायरी, आणि ही पोरं तर पहिलीत जाणारी.

असं का होत असावं? पेशीत एका कार्बनची देवाणघेवाण सतत चालू असते. फोलेट तो कार्बन घेऊन येतं, बी-१२ च्या मदतीनं तो होमोसिस्टीन नावाच्या रेणूवर चढतो आणि त्यातून मिथिओनीन बनतं. पुढे हाच कार्बन डीएनएवर बारीक खुणा उमटवायला वापरला जातो. कोणतं जनुक बोलतं राहील आणि कोणतं गप्प बसेल, हे या खुणांवर अवलंबून असतं. गर्भाच्या पहिल्या आठवड्यांत या खुणा नव्यानं मांडल्या जातात. बी-१२ नसेल तर फोलेट कार्बन घेऊन आलं तरी तो उतरवायला कोणी नसतं; फोलेट तसंच अडकून पडतं, होमोसिस्टीन साचतं. नव्या पेशी बनवायला लागणारं साहित्य आणि खुणांसाठी लागणारा कार्बन, दोन्ही तुटवड्यात. मधुमेहाशी याचा धागा नेमका कसा जुळतो ते अजून सोडवणं चालू आहे. होमोसिस्टीन मोजायचं तर नळी लगेच बर्फात ठेवून तासाभरात फिरवावी लागते, नाहीतर तांबड्या पेशी नळीतच होमोसिस्टीन बाहेर टाकत राहतात. परत तीच खिडकी.

फोलेटची गोष्ट निघाली आहे तर मुंबईची आठवण द्यायलाच हवी. १९२८ मध्ये लुसी विल्स ही ब्रिटिश डॉक्टर मुंबईत आली. गिरण्यांत काम करणाऱ्या गरोदर बायकांना एक जीवघेणा रक्तक्षय होत होता, त्याचं कारण तिला शोधायचं होतं. यीस्टच्या अर्कानं, म्हणजे पावाला लावायच्या मार्माइटनं, या बायका बऱ्या होतात हे तिनं १९३१ मध्ये प्रसिद्ध केलं. त्या अर्कातला अज्ञात पदार्थ पुढे फोलेट म्हणून ओळखला गेला. जगभरच्या गरोदर बायका आज घेतात त्या फॉलिक ॲसिडच्या गोळीचं मूळ असं गिरणगावातल्या बायकांच्या रक्तात आहे.

म्हणून पुण्याचे आकडे वाचून कोणी फॉलिक ॲसिडची गोळी बंद केली तर ते महागात पडेल. गर्भाचा मज्जारज्जू ज्या नळीतून घडतो, ती गर्भधारणेनंतर अठ्ठाविसाव्या दिवसापर्यंत मिटते, म्हणजे बहुतेक बायकांना पाळी चुकल्याचं जेमतेम कळतं तोवर. ती नीट मिटावी म्हणून फोलेट लागतंच, हे १९९१ मध्ये ब्रिटनच्या मोठ्या चाचणीत पक्कं झालं. मुद्दा फोलेट कमी करण्याचा नाही. बी-१२ त्याच्या जोडीला बसवण्याचा आहे. सरकारी लाल गोळीत ६० मिलिग्रॅम लोह आणि ५०० मायक्रोग्रॅम फॉलिक ॲसिड असतं, बी-१२ नसतं.

साखरेचा रस्ता त्या मानानं सरळ आहे. आईच्या रक्तातली साखर वारेतून बाळाकडे जाते, आईचं इन्सुलिन मात्र जात नाही. पाचव्या-सहाव्या महिन्यानंतर वारेतून सुटणारी संप्रेरकं आईच्या शरीराला इन्सुलिनबाबत थोडं बेपर्वा करतात, म्हणजे साखर रक्तात रेंगाळते आणि बाळाला मिळते. निसर्गाची ही सोय आहे. पण आईचं इन्सुलिन मुळातच कमी पडत असेल तर साखर फार चढते. बाळाचं स्वादुपिंड मग स्वतःचं इन्सुलिन सोडत राहतं आणि त्या जास्तीच्या साखरेची चरबी होते. डेन्मार्कच्या योर्गेन पेडरसन यांनी हे १९५० च्या दशकात मांडलं. २००८ मध्ये नऊ देशांतल्या २३ हजारांहून अधिक गरोदर बायकांच्या अभ्यासात असं दिसलं की आईची साखर जसजशी चढते तसतसं बाळाचं वजन आणि चरबी वाढत जाते; मध्ये कुठेही 'इथपर्यंत ठीक, इथून धोका' अशी ठळक रेघ नाही. रेघ आपण सोयीसाठी ओढतो.

आपल्याकडे ती १४० वर ओढलेली आहे. ७५ ग्रॅम ग्लुकोज सुमारे ३०० मिलिलिटर पाण्यात विरघळवून पाच-दहा मिनिटांत प्यायचं, जेवण झालेलं असो वा नसो, आणि दोन तासांनी रक्त द्यायचं. साखर १४० किंवा वर असेल तर गरोदरपणातला मधुमेह. ही चाचणी पहिल्या भेटीत एकदा आणि २४ ते २८ आठवड्यांत पुन्हा करायची असते. ते गोड पाणी पिताना अनेकींना मळमळतं; अर्ध्या तासाच्या आत उलटी झाली तर चाचणी दुसऱ्या दिवशी परत करायची. एकदा नॉर्मल आली म्हणून दुसरी चुकवणाऱ्या बऱ्याच असतात, आणि साखर चढायची ती नेमकी दुसऱ्या वेळेला.

या सगळ्यातून एकट्यादुकट्या बाईनं काय घ्यावं? इथे सावध राहायला हवं. असे अभ्यास हजार आयांच्या आकड्यांतून कल सांगतात. एका आईचा रिपोर्ट हातात घेऊन 'तुझ्या मुलाला चाळिशीत मधुमेह होणार' असं कोणीही सांगू शकत नाही, आणि कोणी सांगत असेल तर तो धंदा आहे. आईचं रक्त आणि मुलाची तब्येत एकत्र चालताना दिसली, म्हणून एकामुळे दुसरं झालं असंही नाही. ज्या घरात दूध कमी तिथे पैसाही कमी, कष्ट जास्त, विहिरीचं पाणी वेगळं. खरं-खोटं करायचं तर काही बायकांना मुद्दाम काहीतरी देऊन बघावं लागतं. कोपनहेगनमध्ये ७३६ गरोदर बायकांवर तसं केलं. निम्म्यांना शेवटच्या तीन महिन्यांत माशाचं तेल दिलं, आणि त्यांच्या मुलांत दम्याचं किंवा छातीतल्या सततच्या घरघरीचं प्रमाण २३.७ वरून १६.९ टक्क्यांवर आलं. ज्या आयांच्या रक्तात माशाच्या तेलातली स्निग्धाम्लं आधीच सर्वांत कमी होती, त्यांच्या मुलांना सर्वांत जास्त फायदा झाला. रक्ताच्या प्रोफाइलचा खरा उपयोग हा असा: कोणाला कशाची गरज आहे ते हेरणं.

मुंबईत २००६ पासून असाच प्रयोग वस्त्यांमधल्या सहा हजारांहून अधिक बायकांवर झाला. 'सारस' त्याचं नाव. पालेभाजी, फळं आणि दूध घालून केलेला एक पदार्थ त्यांतल्या एका गटाला रोज दिला, तोही दिवस जाण्याच्या आधीपासून. सगळ्यांचा मिळून हिशेब केला तर बाळांच्या वजनात फरक नगण्य. पण किमान तीन महिने आधीपासून खाणाऱ्यांच्या बाळांचं वजन सरासरी ४८ ग्रॅमनी जास्त भरलं. आणि गरोदरपणातल्या मधुमेहाचं प्रमाण १२.४ वरून ७.३ टक्क्यांवर उतरलं. मला या दोन आकड्यांतला दुसराच मोठा वाटतो.

पुण्याच्या अभ्यासातली मुलं आता तिशीच्या आसपास आहेत. अठराव्या वर्षी त्यांची साखर तपासली तेव्हा मुलग्यांत ३७ टक्के आणि मुलींत १८ टक्के जणांची साखर नेहमीपेक्षा चढलेली निघाली. गावाकडची, बरीचशी किडकिडीत पोरं ही. त्यांतल्या अनेकांची उपाशीपोटीची साखर सहाव्या वर्षीच इतरांपेक्षा थोडी वर होती. २०१२ मध्ये याच मुलामुलींना कुमारवयातच बी-१२ देण्याचा प्रयोग सुरू झाला, रोज दोन मायक्रोग्रॅम, म्हणजे आहारात मिळायला हवं तेवढंच. पुढे त्यांतल्या मुलींना झालेल्या बाळांच्या जन्मवजनात ठसठशीत फरक दिसला नाही, पण गरोदरपणी त्यांच्या रक्तातलं बी-१२ सुधारलेलं होतं. ही बाळं आता वाढताहेत. आजीच्या रक्तापासून सुरू झालेली नोंद नातवंडांपर्यंत आली आहे.

पुणतांब्याला या विषयात एक वेगळी जागा आहे ती दुधामुळे. बी-१२ वनस्पती बनवत नाहीत. फक्त सूक्ष्मजीव बनवतात, आणि शाकाहारी माणसाला ते मुख्यतः दुधातूनच मिळतं. भाकरी, डाळ, मेथी यांत ते नाही. पेलाभर गाईच्या दुधात साधारण एक मायक्रोग्रॅम, आणि गरोदर बाईची गरज रोज अडीचच्या घरात. पुण्यातच शाकाहारी तरुणांना रोज दूध देऊन पाहिलं तर त्यांचं बी-१२ काही दिवसांत सुधारलं होतं. १ जून २०१७ ला ज्या गावाच्या ग्रामसभेतून निघालेला शेतकरी संप राज्यभर पसरला, ज्या संपात दुधाच्या भावासाठी दूध रस्त्यावर ओतलं गेलं, त्या गावाला दुधाची किंमत शिकवायला नको. पण पहाटे धार काढली की कॅन डेअरीला जातो, महिन्याचा पगार त्यातून निघतो, आणि घरात उरतं ते चहापुरतं. त्या चहातून दहावीतल्या मुलीच्या वाट्याला दूध येतं दोन चमचे. ती लग्न होऊन जाईल, वर्षभरात कार्ड निघेल, आणि तेव्हा रक्त तपासलं जाईल.

तेव्हा काय मागावं, हे सांगून थांबतो. हिमोग्लोबिन आणि दोन्ही वेळची साखर सरकारी दवाखान्यात फुकट होते. दर महिन्याच्या ९ तारखेला गरोदर बायकांची खास तपासणी असते, त्या दिवशी डॉक्टर भेटतात. बी-१२ ची तपासणी तिथे सहसा होत नाही. घरात मांस-अंडी नसतील, दूधही बेताचं असेल, तर डॉक्टरांना तसं स्पष्ट सांगावं. लोणीच्या प्रवरा रुग्णालयासारख्या मोठ्या ठिकाणी ती करता येते. गोळ्या डॉक्टरांना विचारूनच घ्याव्यात. आणि सातव्या महिन्यात ओटी भरून माहेरी निघताना साडी-नारळाच्या पिशवीत ते कार्ड आणि रक्ताचे सगळे रिपोर्ट टाकावेत, कारण माहेरच्या डॉक्टरांना तिसऱ्या महिन्यातली साखर किती होती ते दुसरं कोणी सांगणार नाही.